विज्ञानपटातला बाप माफी का मागत नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विज्ञानपट प्रदर्शित झाला की वृत्तपत्रांतून लिहून येते ते बहुतेक यंत्रांवर. ग्राफिक्स किती खरे वाटतात, कृष्णविवर शास्त्राला धरून आहे का, पोकळीत स्फोटाचा आवाज कसा ऐकू आला. हे प्रश्न रास्तच आहेत. पण गेल्या पन्नास वर्षांतले गाजलेले विज्ञानपट ओळीने पाहिले, तर त्या यंत्रांच्या पोटात वारंवार एक बाप आणि एक मुलगा सापडतात, आणि त्या दोघांत राहून गेलेले एक बोलणे. परीक्षणांत त्याचा उल्लेख क्वचित येतो, म्हणून हे पत्र.

माझे म्हणणे असे की या चित्रपटांतल्या बापाला मुलासाठी जीव देता येतो, पण त्याची माफी मागता येत नाही. पटकथेच्या दृष्टीने हे फार सोयीचे आहे, कारण मेलेल्या बापाला दुसऱ्या दिवशी सकाळी मुलासमोर बसावे लागत नाही. पडद्यासमोर बसलेला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा मात्र यातून उचलतो ते असे की पुरुषाचे प्रेम मरताना सिद्ध होते, जगताना ते बोलून दाखवायची गरज नसते.

सर्वांना ठाऊक असलेल्या बापापासून सुरुवात करू. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या १९८० च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये खलनायक डार्थ व्हेडर नायक ल्यूकला सांगतो की तुझा बाप मीच. हे गुपित फुटू नये म्हणून चित्रीकरणात दुसरेच वाक्य म्हटले गेले, आणि ल्यूकचे काम करणाऱ्या मार्क हॅमिलला खरे वाक्य ऐन वेळी कानात सांगण्यात आले, ही हकीकत नेहमी सांगितली जाते. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती या बापाची जुळणी. शरीर डेव्हिड प्राऊझ यांचे, आवाज जेम्स अर्ल जोन्स यांचा, तलवारीच्या झुंजींत त्या पोशाखात बॉब अँडरसन, आणि १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये मुखवटा काढल्यावर दिसतो तो चेहरा सेबॅस्टियन शॉ यांचा. श्वासाची घरघर बेन बर्ट यांनी पाणबुड्याच्या श्वसनयंत्रातून ध्वनिमुद्रित केली. चार माणसे मिळून एक बाप झाला. मुलाच्या वाट्याला त्याची उंची येते, आवाज येतो, वार करणारा हात येतो. चेहरा येतो तो बाप शेवटचे श्वास मोजत असताना. चेहरा न दाखवणारे बाप सिनेमाबाहेरही पुष्कळ असतात. तो काळा मुखवटा जगभर इतका ओळखीचा का वाटला, याचे उत्तर मला तिथे दिसते.

आता हातांकडे पाहा. ‘एम्पायर’मध्ये व्हेडर ल्यूकचा उजवा हात मनगटापाशी तोडतो आणि त्यानंतर लगेच ‘माझ्याबरोबर ये’ म्हणून आपला हात पुढे करतो. ‘जेडाय’मध्ये ल्यूक संतापाच्या भरात बापावर वार करत सुटतो आणि त्याचा उजवा हात तोडतो. तुटलेल्या जागी मांस नसते, तारा असतात. यानंतरचा शॉटचा क्रम शिकण्यासारखा आहे: बापाच्या हातातल्या तारा, मग ल्यूकची नजर, मग काळ्या हातमोज्यातला ल्यूकचा स्वतःचा यांत्रिक हात. एकही शब्द नाही. आपण कोणाच्या वळणावर चाललो आहोत हे मुलाला तीन शॉटमध्ये कळते आणि तो तलवार फेकून देतो. मर्दानगी म्हणजे शेवटचा वार, हे समीकरण इतक्या लोकप्रिय चित्रपटाने इतक्या नेमकेपणाने मोडल्याचे दुसरे उदाहरण मला सुचत नाही.

आणि इथेच पटकथा कच खाते. बाप सम्राटाला उचलून खोल विवरात फेकतो, मुलाला वाचवतो, मुखवटा काढायला सांगतो आणि काही मिनिटांत मरतो. तोडलेल्या हाताबद्दल अवाक्षर नाही. १९७७ च्या पहिल्या चित्रपटात त्याने आपल्या मुलीची, लेयाची, यंत्र लावून चौकशी केली होती. ती आपली मुलगी आहे हे तेव्हा त्याला माहीत नव्हते, पण मरताना माहीत आहे. तरी तिच्यासाठी तो मुलाजवळ निरोप ठेवतो, तोही असा की तुझ्या भावाचे माझ्याबद्दलचे मत बरोबर होते. ज्याचा निरोप द्यायचा त्यानेच न्यायचा, आणि निरोपात त्याचीच पाठ थोपटलेली. मुलीला यातून काय मिळाले?

घरगुती नाटकात बाप-मुलातले अंतर दाखवायला लेखकाकडे फार साधने नसतात. वर्तमानपत्रामागे लपलेला चेहरा, बंद दार, जेवताना कोणी न बोलणे. विज्ञानपटाकडे मात्र खरेखुरे अंतर असते, किलोमीटरमध्ये आणि वर्षांत मोजता येणारे. या प्रकाराची ताकद ती आहे, आणि घसरगुंडीही तिथेच सुरू होते. लेखकाने अंतराचे यंत्र भावनेला जोडले तर प्रसंग उभा राहतो. नुसत्या भव्यतेसाठी वापरले तर बापाला फक्त एक मोठी सबब मिळते.

जेम्स ग्रे यांचा ‘अ‍ॅड अ‍ॅस्ट्रा’ (२०१९) हे यंत्र नीट जोडतो. नायक रॉय मॅकब्राइड अंतराळवीर आहे आणि त्याची ख्याती अशी की त्याची नाडी मिनिटाला ८० ठोक्यांच्या वर जात नाही. खात्याच्या लेखी हा गुण आहे. दर मोहिमेआधी एक यंत्र त्याची मानसिक चाचणी घेते आणि शांत, आज्ञाधारक उत्तरांना ‘पास’ म्हणते. त्याचे वडील नेपच्यूनजवळ कुठेतरी आहेत. तिथून प्रकाशाला इथवर यायला सुमारे चार तास लागतात, म्हणजे एका प्रश्नाला उत्तर मिळायला किमान आठ. मंगळावरच्या खोलीत बसून रॉय वडिलांसाठी संदेश मुद्रित करतो. आधी लिहून दिलेला मजकूर वाचतो, मग कागद सोडून मनातले बोलू लागतो. त्या क्षणापासून तो मोहिमेला अपात्र ठरतो. कारण देताना सांगतात की तुझे यात वैयक्तिक नाते गुंतलेले आहे. बापाला हाक मारण्यासाठी मुलगा हवा होता. हाक खरी निघाली तेव्हा मुलगा नको झाला. पुरुषाने कसे असावे याचा व्यवस्थेने घालून दिलेला नियम इतक्या थोडक्या प्रसंगात पकडणे अवघड असते.

शेवटी भेट होते तेव्हा बाप तोंडावर सांगतो की तुझी किंवा तुझ्या आईची मला कधी पर्वा नव्हती. मुलगा म्हणतो, ठाऊक आहे. तरी माझे तुमच्यावर प्रेम आहे. नंतर यानाबाहेर बाप दोघांना जोडणारी दोरी सोडवायला लावतो आणि अवकाशात वाहून जातो. याही बापाने माफी मागितली नाही. पण चित्रपट त्याला हुतात्मा करत नाही, हा मोठा फरक. शेवटच्या चाचणीत रॉयची उत्तरे बदललेली असतात; माझ्या जवळच्यांचे ओझे मी वाटून घेईन आणि माझे त्यांच्याबरोबर वाटीन, असे तो म्हणतो. काम मुलावर सोपवले आहे खरे, निदान काम उरले आहे हे तरी मान्य केले आहे.

ख्रिस्तोफर नोलन यांच्या ‘इंटरस्टेलर’बद्दल (२०१४) जरा विस्ताराने लिहायला हवे. त्यावर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आणि त्यात एक माणूस जवळपास पूर्ण सुटला. तो म्हणजे टॉम. अंतराळ मोहिमेवर निघणाऱ्या कूपरला दोन मुले: टॉम आणि मर्फ. चित्रपट बाप-लेकीचा म्हणून ओळखला जातो. विशेष म्हणजे जोनाथन नोलन यांच्या आधीच्या पटकथेत मर्फ हा मुलगा होता. ख्रिस्तोफर नोलन यांनी त्याची मुलगी केली. संगीतकार हान्स झिमर यांना तर चित्रपट कोणत्या प्रकारचा आहे तेही आधी सांगितले नव्हते. बाप आणि अपत्य यांच्याबद्दलचा एक पानाचा मजकूर त्यांना दिला गेला आणि त्यांनी पहिली चाल आपल्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून बांधली. म्हणजे या गोष्टीच्या तळाशी मुलगा होता. तो वर आला नाही, एवढेच.

टॉमचा हिशेब मांडून पाहा. शाळा म्हणते, याचे गुण शेतकरी होण्यापुरतेच आहेत. कूपर शाळेशी भांडतो, पण घरी येऊन टॉमशी त्यावर धड बोलत नाही. निघताना मर्फची समजूत घालायला तो तिच्या खोलीत बसतो, आपले घड्याळ तिला देतो. टॉमला शेत आणि गाडी मिळते. मग तो प्रसिद्ध प्रसंग. ज्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे, तिथून कूपर परततो तेव्हा २३ वर्षे उलटलेली असतात आणि तो साठलेले संदेश पाहायला बसतो. हे संदेश कोणाचे? मुख्यतः टॉमचे. मुलगी रागाने गप्प आहे. मुलगा बोलत राहिला आहे. एका मुलीशी ओळख झाली, लग्न झाले, मूल झाले, आजोबा गेले, आणि आजोबांना आईच्या आणि जेसीच्या शेजारी पुरले. जेसी म्हणजे टॉमचे पहिले मूल. ते गेल्याचे कूपरला असे, वाक्याच्या शेपटाला कळते. शेवटी टॉम म्हणतो की तुम्ही ऐकत नाही आहात हे मला माहीत आहे, आता मी थांबतो. एकतर्फी संपर्काचे यंत्र एखाद्या मुलाच्या वाट्याला याहून क्रूरपणे आलेले मी पाहिलेले नाही.

आणि मग पटकथा टॉमला विसरते. मोठा टॉम हट्टी होतो, धुळीने बायको-मुलाची छाती भरते तरी शेत सोडत नाही. चित्रपट त्याला अडथळा म्हणून दाखवतो. खरे तर बापाने जे सोपवले तेच तो सांभाळतो आहे. त्याच्यापाशी बापाचे दुसरे काही नाही. त्याला घरापासून दूर न्यायला मर्फ त्याचे उभे पीक पेटवते. शेवटी कूपर अवकाशस्थानकातल्या रुग्णालयात शुद्धीवर येतो, मुलीची चौकशी करतो, तिला भेटतो आणि पुन्हा निघून जातो. मुलाचे काय झाले हे तो विचारत नाही. ही चूक आहे की हेतू, यावर वाद होऊ शकेल. मला ती लेखनातली चूक वाटते, कारण हेतू असता तर ते न विचारणे कोणाच्या तरी चेहऱ्यावर दाखवले असते. मर्फच्या एका नजरेने काम झाले असते. पण ही चूक फार खरी आहे. हुशार अपत्याच्या मागे धावताना, घर सांभाळणाऱ्या गुणी मुलाकडे बापाची पाठ होते, हे चित्रपटाने न ठरवता दाखवले आहे.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचे तीन चित्रपट क्रमाने पाहिले तर बाप हळूहळू परत येताना दिसतो. ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’मध्ये (१९७७) रॉय निअरी परग्रहवासीयांच्या ओढीने घरदार सोडून यानात बसतो, आणि चित्रपट त्याला आनंदाने निरोप देतो. स्वतः बाप झाल्यावर स्पीलबर्ग यांनी म्हटले की आज हा चित्रपट केला असता तर त्या माणसाला कुटुंब सोडून जाऊ दिले नसते. याच चित्रपटाच्या १९८० च्या सुधारित आवृत्तीत एक प्रसंग आहे. बाप अंगावरच्या कपड्यांसकट न्हाणीघरात बसून रडतो आहे आणि मुलगा त्याच्यावर ‘रडका, रडका’ म्हणून ओरडतो. बापाला रडताना पाहून मुलाला दया येत नाही, संताप येतो, कारण आधार म्हणून दाखवलेला खांब त्याच्या डोळ्यांदेखत वाकला. पुरुषाने रडू नये हा नियम घरात कसा रुजतो, तर अनेकदा घाबरलेल्या मुलाच्या तोंडून.

‘ई.टी.’मध्ये (१९८२) वडील एकदाही दिसत नाहीत. गॅरेजमध्ये त्यांचा जुना शर्ट सापडतो आणि दोघे भाऊ तो हुंगून वास कसला ते ओळखायचा प्रयत्न करतात. बाप एवढाच. पूर्वार्धात इतर मोठ्या पुरुषांचेही चेहरे दिसत नाहीत. कॅमेरा मुलाच्या उंचीवर असतो, कमरेला लटकणाऱ्या किल्ल्या तेवढ्या वाजतात. ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये (२००५) बाप आहे, पण त्याला आपल्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हे ठाऊक नाही, अंगाई येत नाही म्हणून तो मोटारगाडीवरचे एक गाणे म्हणतो, आणि अंगणात मुलाबरोबर चेंडू झेलायचा खेळ दोन मिनिटांत भांडणावर जातो. चेंडूचा वेग वाढत जातो आणि शेवटी खिडकीची काच फुटते. संवादात राग नाही, फेकीत आहे. पुरुष एकमेकांशी कसे भांडतात हे ज्याला लिहायचे आहे त्याने हा प्रसंग चार वेळा पाहावा.

याच चित्रपटावरून उपशीर्षके आणि डबिंग करणाऱ्यांसाठी एक मुद्दा. मुलगा रॉबी बापाला सबंध चित्रपटभर ‘रे’ अशी नावाने हाक मारतो. शेवटी भेटल्यावर ‘डॅड’ म्हणतो. सारा प्रवास त्या एका शब्दात आहे. भाषांतरकाराने सभ्यतेपोटी सुरुवातीपासून ‘बाबा’ घातले की शेवट मेला. असाच पेच ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा. इंग्रजीत एकाच शब्दावर भागते. मराठीत ठरवावे लागते, आणि ते वाक्यावाक्याला न ठरवता आधी सगळी पटकथा वाचून ठरवायचे असते. ल्यूक व्हेडरला शत्रू समजून ‘तू’ म्हणेल. ‘एम्पायर’च्या शेवटी दूरवरून व्हेडरची हाक मनात ऐकू आल्यावर तो प्रथमच ‘फादर’ म्हणतो. तिथे ‘बाबा’ हवे, आणि पुढच्या चित्रपटात ‘तुम्ही’. ‘अ‍ॅड अ‍ॅस्ट्रा’त मात्र पहिल्यापासून ‘तुम्ही’च शोभेल, कारण तिथला बाप प्रेमामुळे नव्हे, अंतरामुळे आदरार्थी आहे. ‘इंटरस्टेलर’मध्ये टॉमने ‘तुम्ही’ आणि मर्फने ‘तू’ म्हटले तर मूळ चित्रपटात नसलेली एक जखम मराठीत दिसू लागेल, आणि ती चुकीची ठरणार नाही.

‘टर्मिनेटर २’मधला (१९९१) यंत्रमानव अनेकांना आदर्श बाप वाटतो. ज्याच्या रक्षणासाठी तो आलेला असतो त्या जॉनची आईच तसे म्हणते: हा त्याला कधी मारणार नाही, त्याच्यावर ओरडणार नाही, दारू पिऊन येणार नाही, वेळ नाही म्हणणार नाही. यादी नीट वाचली तर तिच्यात बाप काय करतो हे फार थोडे आहे. काय करत नाही तेच जास्त आहे. अपेक्षा किती खाली आल्या होत्या ते या यादीत दिसते. उलट जॉनच त्याला वळण लावतो. माणसे मारायची नाहीत, असा हुकूम करतो, आणि यंत्र तेव्हापासून मारण्याऐवजी पायांवर गोळ्या झाडते. शेवटी जॉन आणखी एक हुकूम देतो: जाऊ नकोस. यंत्र तो मोडते आणि वितळलेल्या पोलादात उतरते. सगळ्या आज्ञा पाळणाऱ्या यंत्रानेसुद्धा ‘थांब’ ही एक आज्ञा मोडावी, इतकी ही जुनी खोड चिवट आहे.

‘बॅक टू द फ्युचर’वर (१९८५) फार शब्द खर्च करत नाही. तिथे भित्रा बाप जॉर्ज एका ठोशाने सुधारतो आणि मुलगा भूतकाळातून परततो तेव्हा घर श्रीमंत झालेले असते. जॉर्ज विज्ञानकथा लिहितो, ही त्याची खरी हिंमत. ती फळाला येते, पण बक्षीस ठोशाला मिळते. अनुभव सिन्हा यांच्या ‘रा.वन’मध्ये (२०११) धांदरट बापाची लाज वाटणाऱ्या मुलाला त्याच चेहऱ्याचा पण धांदरटपणा वजा केलेला यांत्रिक नायक मिळतो. मुलाने बाप आहे तसा पत्करण्याचा प्रश्न चित्रपटाने बाप मारून सोडवला. संधी मोठी होती.

जिवंत राहून काही करणारा बाप हवा असेल तर ‘रिअल स्टील’ (२०११) पाहावा. तो श्रेष्ठ चित्रपट नाही, पण त्याचे यंत्र नीट बसवलेले आहे. चार्ली केंटन आपल्या मुलाचा, मॅक्सचा, ताबा एक लाख डॉलरला विकतो, निम्मे पैसे आगाऊ घेऊन. दोघांच्या हाती अ‍ॅटम नावाचा भंगारातला यंत्रमानव येतो, आणि त्याच्यात समोरच्या माणसाच्या हालचालींची नक्कल करायची सोय आहे. यंत्रमानवांच्या मुष्टियुद्धाच्या शेवटच्या लढतीत आवाजाने हुकूम देण्याची यंत्रणा निकामी होते, तेव्हा चार्लीला रिंगणाबाहेर उभे राहून स्वतः हात चालवावे लागतात. मॅक्स रिंगणाकडे न पाहता बापाकडे पाहतो. इतका वेळ तोंडाने हुकूम सोडणारा बाप अंगाने हजर झाला, आणि तो बदल यंत्रातल्या बिघाडातून आला. भाषणाची गरज पडली नाही. सामना ते गुणांवर हरतात, हेही बरे केले. ‘आफ्टर अर्थ’मध्ये (२०१३) उलट आहे. दोन्ही पाय मोडलेला बाप यानात बसून सबंध चित्रपट मुलाला हुकूम सोडतो आणि भीतीवर मात कशी करावी ते शिकवतो. चित्रपट रखडतो, कारण बापाच्या चेहऱ्यावर काही हलायला मनाई आहे. पण शेवट ऐका: शौर्य गाजवून आलेला मुलगा बापाला मिठी मारून म्हणतो, मला आईबरोबर काम करायचे आहे, आणि बाप म्हणतो, मलाही.

मुलांबरोबर हे चित्रपट पाहणाऱ्यांसाठी काही. चित्रपट चालू असताना थांबवून समजावू नये. त्याने प्रसंग मरतो आणि मुलगा सावध होतो. संपल्यावर त्याच रात्री चर्चा नको. एक-दोन दिवसांनी तीन-चार मिनिटांचा एकच प्रसंग पुन्हा लावावा, पहिल्यांदा आवाज बंद करून. ‘जेडाय’मधले हात, ‘इंटरस्टेलर’मधले संदेश किंवा चेंडूचा खेळ यासाठी उत्तम. आवाज नसला की मुले चेहरे आणि अंतर पाहतात. मग आवाजासकट. शेजारी बसावे, समोर नको. पडद्याकडे पाहत बोलणे मुलग्यांना सोपे जाते. ‘यातून काय शिकलास’ हा प्रश्न सर्वांत वाईट, त्याला ठरीव उत्तर मिळते. ‘तो खोटे कुठे बोलला असे वाटते’ किंवा ‘तू टॉम असतास तर कितव्या संदेशानंतर थांबला असतास’ असे विचारून पाहावे. उत्तर एका शब्दाचे आले तर तेवढ्यावर थांबावे. बाप इथे हमखास चुकतात, कारण शांतता सहन न होऊन ते स्वतःच व्याख्यान सुरू करतात. ‘टर्मिनेटर २’ आणि ‘ब्लेड रनर’ लहान मुलांना दाखवू नयेत. दुसऱ्यात कृत्रिम माणसे घडवणारा आणि त्याने घडवलेला एक माणूस यांच्या भेटीचा शेवट अंगावर येणारा आहे.

जे पटकथा लिहितात त्यांना एवढेच सुचवीन की माफी शेवटच्या दहा मिनिटांत ठेवू नका. तिथे तिला मरणाशी स्पर्धा करावी लागते आणि मरण जिंकते. ती मध्यावर, दोन-तृतीयांशाच्या आत येऊ द्या, आणि मुलगा ती लगेच स्वीकारत नाही असे लिहा. पुढचा तिसरा अंक आपोआप तयार होतो. माफीत चुकीचे नाव असू द्या. ‘मी चांगला बाप नव्हतो’ हे वाक्य निरुपयोगी आहे, त्यात कुठला दिवस नाही. बापाला अपंग, बेशुद्ध किंवा हजारो किलोमीटर दूर ठेवायचे असेल तर ते अंतर कोणत्या प्रसंगी संपणार हे आधी ठरवा.

तार्कोव्स्की यांच्या ‘सोलारिस’चा (१९७२) शेवट या संदर्भात पुन्हा पाहण्याजोगा आहे. क्रिस वडिलांच्या घरी येतो. खिडकीतून दिसते की पाऊस घराच्या आत, वडिलांच्या पाठीवर पडतो आहे, आणि त्यांना त्याची जाणीव नाही. वडील दारात येतात, मुलगा गुडघे टेकून त्यांना बिलगतो, चित्रकार रेम्ब्रांट यांच्या, घरी परतलेल्या मुलाच्या प्रसिद्ध चित्रातल्यासारखा. मग कॅमेरा वर जातो आणि कळते की घर, तळे, बाप, सगळे सोलारिस या ग्रहाच्या समुद्रातल्या एका बेटावर आहे. खऱ्या बापाशी हे झाले नाही. दोघांतला एकही शब्द ऐकू येत नाही, तरी माफी कोणी मागायची आणि कधी मागायला हवी होती हे इथे लखलखीत दिसते.

‘ब्लेड रनर २०४९’ने (२०१७) मुलाच्या बाजूने असेच धाडस केले. के नावाचा कृत्रिम माणूस स्वतःला हरवलेला, निवडलेला मुलगा समजतो. मग कळते की तो मुलगा नाहीच. अपत्य आहे ती एक मुलगी. तरी तो डेकार्डला, म्हणजे तिच्या बापाला, तिच्या दारापर्यंत पोहोचवतो आणि स्वतः पायऱ्यांवर बर्फात आडवा होतो. वारसा नसताना मुलासारखे वागणे, हा विचार या प्रकारच्या चित्रपटांत दुर्मीळ आहे. डेकार्ड काचेवर हात ठेवतो आणि चित्रपट तिथेच संपतो. इतकी वर्षे कुठे होतास, या प्रश्नाचे उत्तर देण्याच्या अगदी आधी.

आपल्या परीक्षणांत कालावधी, प्रमाणपत्र आणि तारे छापले जातात. विज्ञानपटाच्या बाबतीत परीक्षकांनी आणखी एका गोष्टीची नोंद घ्यावी, ही विनंती: शेवट न फोडता लिहिता येईल तितके, की यातला बाप मुलाशी बोलतो का, आणि बोलतो तेव्हा दोघेही जिवंत असतात का.

आपला,
एक वाचक